थेंबावर लावलेली मिशी

माझ्या मिशीबद्दल आधी सांगतो. पुढं तिच्यावर जो प्रसंग आला तो कळायचा तर ती डोळ्यांपुढं उभी असलेली बरी. बॉयलर हाऊसच्या दारातून आत जाताना मला अंग तिरपं करावं लागायचं, ते पोटामुळं नव्हे, मिशीमुळं. डाव्या टोकाला दहा-अकराचा पाना अडकवून मी शिडी चढायचो आणि उजव्या टोकावर चिमणी येऊन बसायची. म्हणजे मी असं सांगायचो. खरं तर पाना खिशात असायचा, आणि चिमण्या त्या वर्षी जिल्ह्यात उरल्याच नव्हत्या.

कारण दुष्काळ. सलग दुसरा. लिंबागणेशच्या रस्त्यावर मी माझ्या डोळ्यांनी एक कावळा पाहिला. बिचाऱ्यानं खडे टाकून टाकून रांजण काठोकाठ भरला होता, पाणी काही वर आलं नव्हतं, आणि आता तो त्या खड्यांवरच मान टाकून बसला होता. कपिलधारला एरवी माणसं धबधब्याखाली भिजायला जातात. त्या साली खडकावर नुसता काळा ओघळ होता. माणसं जायची, ओघळाकडं बघायची, अंग झटकायची आणि परत यायची. यातलं निम्मं सोडून द्या. उरलेलं निम्मंही पुरेसं वाईट होतं.

मी आमच्या सहकारी साखर कारखान्यात कंट्रोल व्हॉल्व्हचा फिटर होतो. आदल्या हंगामात ऊसच नव्हता म्हणून चाकं फिरलीच नाहीत. या साली विहिरींच्या तळातलं पाणी पाजून लोकांनी थोडा ऊस कसाबसा जगवला होता, पण तो दिवसागणिक वाळत होता. संचालक मंडळानं दिवस ठरवला. त्या दिवशी उसाची पहिली मोळी गव्हाणीत पडली तर कारखाना चालणार. नाही पडली तर ऊस तोडून जनावरांच्या छावण्यांना जाणार, आणि आम्ही सगळे आणखी एक वर्ष घरी बसून भिंतीचे पोपडे मोजणार.

साखर कारखान्याची एक गंमत असते. एकदा चालू झाला की तो आपली तहान आपणच भागवतो, कारण उसातच पाणी असतं, त्याची वाफ होते, वाफेचं परत पाणी होतं. पण पहिली धार बाहेरून लागते. बॉयलर एकदा भरून द्यावा लागतो. त्या साली तो टँकरनं भरला. आसपासच्या गावांना टँकर आठवड्यातून एकदा यायचा, आणि आमच्या गेटातून एका दुपारी ओळीनं टँकर आत आले. गेटाबाहेर बाया घागरी घेऊन उभ्या होत्या. नुसत्या बघत होत्या. मी इतका बोलका माणूस, पण त्या दिवशी गेटाजवळून जाताना मीही खाली बघून गेलो.

आता माझा व्हॉल्व्ह. पंपापासून बॉयलरकडं जाणाऱ्या पाण्याच्या मोठ्या नळावर तो बसलेला. वर हवेच्या दाबानं हलणारी पत्र्याची टोपी, खाली लोखंडी पोट, आणि दोन्हींच्या मधून जाणारी अंगठ्याएवढी चकचकीत दांडी. दांडी वर झाली की पाणी जास्त, खाली झाली की कमी. बॉयलर जेवढी वाफ देईल तेवढं पाणी त्याला मोजून पाजायचं, एवढंच त्याचं काम. दांडी पोटात शिरते तिथं फट राहते. त्या फटीत दोरखंडासारख्या पॅकिंगच्या कड्या ठासून भरतात आणि वरून दोन नटांनी दाबतात. त्या जागेला म्हणायचं ग्लँड. माझं अर्धं आयुष्य ग्लँडमध्ये गेलं.

आणि वर, दोन मजले उंच, बॉयलरच्या पाण्याच्या काचेपाशी उभे असायचे माझे दाजी, थोरल्या बहिणीचा नवरा. बॉयलर अटेंडंट. काचेच्या नळीत पाणी किती दिसतंय ते बघणं हेच त्यांचं काम. खाली इतका आवाज असतो की तोंडानं बोलून उपयोग नाही, म्हणून आमच्यात एक रिवाज होता. ते वरून पान्यानं नळावर ठोके द्यायचे. एक ठोका म्हणजे सगळं बरं आहे. दोन म्हणजे पाणी कमी होतंय, बघ. तीन म्हणजे काचेतलं पाणी दिसेनासं झालंय, आता पाणी सोडायचं नाही, भट्टीतला जाळ बाहेर ओढायचा आणि पळायचं. तीन ठोके मी सगळ्या नोकरीत कधी ऐकले नव्हते. पण ते ऐकायच्या भीतीनं माझा एक कान कायम वर असायचा.

व्हॉल्व्ह उघडला तेव्हा आतलं पॅकिंग शिळ्या ज्वारीच्या भाकरीसारखं कडक झालेलं. दीड वर्ष कोरडा पडला होता. आकडा घालून एकेक कडी उकरून काढली. टोपीच्या भोकात विंचू निघाला, तो एवढा मोठा की त्यानंच मला विचारलं, कावून आलास बे? आत पाणी अडवणारी बैठक असते, तिला सीट म्हणायचं; त्या सीटवर घासायची पेस्ट लावून दिवसभर घासत बसलो, इकडून अर्धा फेर, तिकडून अर्धा फेर, शेवटी सीटमध्ये माझी मिशी दिसायला लागली. मग नव्या कड्या. तोंड तिरकं कापायचं, एका कडीचा सांधा दुसरीच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही.

हे सगळं मला बीडच्या बाजारातल्या उस्तादांनी शिकवलं. त्यांचं दुकान चार हात लांब नि तीन हात रुंद, पण मराठवाड्यातला रुसलेला प्रत्येक पंप तिथं येऊन बसायचा. त्यांचा एक नियम होता. नट आधी नुसत्या बोटानं आवळायचे, मग पाव आटा, म्हणजे पाव फेर, मग दांडी वरखाली करून बघायची, मग परत पाव. पहिल्या दिवशी दोन-चार थेंब पडले तर पडू द्यायचे.

"पैले दिन मदरसे को गया बच्चा रोताइच," ते म्हणायचे. "रोने दो. गरम हुए बाद खुदीच चुप होता. पैलेच दिन मुंडी दबाए तो गूंगा होता."

ही गोष्ट मला त्या साली पाठ होती. तरीही जे झालं ते झालं.

बॉयलर भरल्यावर, पेटवायच्या आधी, पंप चालू करून थंड पाण्याच्या दाबानं सगळे सांधे तपासायचे होते. बघायला कोण कोण आलं! चेअरमन साहेब, चीफ इंजिनिअर साहेब, आणि कारखाना उभा राहिला तेव्हापासूनचे एक म्हातारे सभासद. सगळा कारखाना त्यांना आबा म्हणायचा. पटका, काठी, आणि नजर अशी की तीन कोसांवरून बैलाचं वय सांगतील. पंप सुरू झाला, नळ थरथरला, आणि माझ्या ग्लँडमधून एक थेंब निघाला. दांडीवर जरा रेंगाळला आणि टप्पकन फरशीवर पडला.

"गळतंय की रं!" आबा ओरडले.

सगळे असे दचकले की जणू नळच फुटला.

"आबा, थेंब हाय तो," मी म्हणालो. "पहिल्या दिवशी पडतोय. गरम झालं की—"

"थेंब? आमच्या वस्तीवर आठ दिसांतनं टँकर येतोय. माझी सून वाटी-वाटीनं पाणी वाटती. अन् तुमी हितं फरशीला पाजताव?"

आणखी एक थेंब पडला. चेअरमन साहेबांनी चीफ साहेबांकडं बघितलं. चीफ साहेबांनी माझ्याकडं. मी पाहिलं तर फरशीवर पैशाएवढा ओला डाग झाला होता, आणि सांगतो, त्या डागाची मला लाज वाटली. गेटाबाहेरच्या बाया आठवल्या. पाणी गळू देणं हे त्या साली पापच होतं, आणि ते माझ्या हातून होत होतं.

"बंद होईल का?" चेअरमन साहेबांनी विचारलं.

मी मिशीला पीळ दिला. "बंद? साहेब, बॉयलर पेटल्यावर हितनं एक थेंब जरी गळला, तर ही मिशी उतरवून तुमच्या टेबलावर ठेवतो."

आणि पान्याला पाईप लावून मी दोन्ही नट आवळले. पाव नाही, अर्धा नाही. एकाला पुरा एक फेर, दुसऱ्याला पुरा एक फेर. थेंब थांबला. लोक हसले, आबांनी काठीनं माझ्या पाठीवर थाप दिली. "याला म्हणत्यात कारागीर!"

सगळे गेल्यावर मी हवा देऊन दांडी हलवून बघितली. एरवी ती वंगण दिलेल्या पाळण्यासारखी वरखाली व्हायची. त्या दिवशी ती थांबली, जरा विचार केला, आणि मग झटका देऊन हलली.

हलली ना, असं मी स्वतःला सांगितलं. थंड असतानाच असं अडतंय, तर गरम होऊन पॅकिंग फुगल्यावर काय होईल, हे मला कळत होतं. मी पाना खिशात ठेवला आणि चहा प्यायला गेलो. त्या चहाला काही चव नव्हती.

दुसऱ्या दिवशी बॉयलरची पूजा झाली, नारळ फुटला, जाळ धरला. थंड बॉयलर हळूहळू तापवावा लागतो, त्याला दोन दिवस जातात. या दोन दिवसांत पाणी फारसं लागत नाही, म्हणून दांडी जागची हलली नाही तरी कुणाला कळत नाही. मला मात्र दर तासाला तिच्याकडं बघितल्याशिवाय राहवत नव्हतं. हात लावून बघायचो. कान लावून बघायचो. नळ जसजसा तापत गेला तसतशा माझ्या फेऱ्या तासावरून अर्ध्या तासावर आल्या.

नियमाप्रमाणं अशा व्हॉल्व्हला शेजारून एक आडवाट असते, हातानं पाणी सोडायला. आमच्याकडंही होती. पण कारखाना बंद असताना तिचा व्हॉल्व्ह दुसरीकडं कामाला गेलता, आणि तिथं आंधळी प्लेट ठोकलेली होती. म्हणजे बॉयलरच्या घशात पाणी जायला वाट एकच, आणि ती माझ्या दांडीतून.

साधा उपाय होता. दोन्ही नट जरासे ढिले करायचे. अर्ध्या मिनिटाचं काम. दुपारी सगळे जेवायला गेले की करू, असं ठरवून मी पाना घेऊन गेलो. बघतो तर व्हॉल्व्हसमोर पालथ्या डब्यावर, काठी मांडीवर घेऊन, आबा बसलेले.

"आबा, तुमी हितं?"

"राखण करतुय. थेंब पडतुय का बघतुय. चेअरमनला इचारून बसलुय."

"जेवलाव का?"

"शिदोरी आनलीय. तू जा. तुझी मिशी मी सांभाळतुय."

संध्याकाळपर्यंत ते हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आमच्या आधी हजर. दिवाळीला फराळ राखणाऱ्या माणसासारखे तिथं ठाण मांडून बसले. मी तीनदा त्यांच्यासमोरून गेलो. चौथ्यांदा गेलो तेव्हा म्हणाले, "एवढं कावून बघतूस? गळंना गेलंय. तुझा हात लागला की गळत नसतंय." त्यांच्या डोळ्यांत माझ्याबद्दल इतकं कौतुक होतं की पाना बाहेर काढायचा हात खिशातच राहिला.

मग मी चीफ साहेबांकडं गेलो. नीट सांगायचं ठरवून गेलो, पण तोंडातून आलं ते असं: "साहेब, ग्लँड जरासा ढिला केला तर कसं?"

ते कागदांत डोकं घालून बसले होते. "कशाला? गळतोय?"

"गळत न्हाई."

"दांडी हलत नाही?"

इथं मी हो म्हणायला पाहिजे होतं. "हलती," मी म्हणालो. "जरा... जड वाटतीय."

"तुला सगळंच जड वाटतं. मागं पंपाचा आवाज लिंबागणेशला ऐकू येतो म्हणालतास. जा, आबांना तिथून उठवून मला शिव्या खायच्या नाहीत."

माझ्याच थापांनी माझी वाट अडवली होती. वाटेत दाजी भेटले, डबा हातात. अक्कानं त्यांचा डबा दिला की निरोपही दिलेला असायचा, आणि तो दाजी मलाच सांगायचे.

"तुमची अक्का म्हणती, भावाला सांगा, तुमच्यावर नीट ध्यान ठेव म्हणावं. मी म्हणलं, तुझा भाऊ मिशीवर ध्यान ठेवतुय, माझ्यावर कवा ठेवायचा?"

मी हसलो नाही. दाजींनी निरखून बघितलं. "काय झालं, पाव्हणं?"

"दाजी, उद्या पाणी कमी वाटलं तर लगेच ठोका द्या. वाट बघू नका."

"मी कवा वाट बघितली?"

"तरीबी."

ते डबा न उघडताच वर गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मोळी. मांडव, हार, सनई. मी मांडवात गेलो नाही. व्हॉल्व्हपाशी उभा राहिलो, आणि आबाही मोळी सोडून तिथंच बसले, कारण त्यांचा थेंब महत्त्वाचा. तिकडं मोळी पडली, टाळ्या झाल्या, गिरणीनं पहिला ऊस तोंडात घेतला आणि एकदम वाफ ओढली. वाफ ओढली म्हणजे पाणी लागणार. टोपीला मिळणाऱ्या हवेचा दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा हलला. काटा सांगत होता, उघड.

दांडी हलली नाही.

काटा आणखी पुढं गेला. दांडी जागच्या जागी. मी टोपीवर मूठ मारली. काही नाही. तेवढ्यात वरून नळातून आवाज आला. ठण, ठण.

दोन.

आता मांडवातले लोक बॉयलर बघायला आत येत होते. चेअरमन साहेबांच्या गळ्यात हार. मी पाना काढला. माझ्या हाताला इतका घाम की पाना माशासारखा निसटत होता. पुन्हा वरून, ठण ठण, या खेपेला लागोपाठ. मी तिसऱ्या ठोक्याची वाट बघत होतो. खोटं सांगत नाही, त्या घडीला मला अक्काचा डबा दिसला, झाकण न उघडलेला.

"आरं, काय करतूस?" आबा उठले. "नट सोडू नगंस! गळंल!"

"गळू द्या, आबा!"

"तुझी मिशी—"

"गेली बे मिशी!"

आयुष्यात मी आबांना एकदाच बे म्हणालो, ते तेव्हा. पहिला नट अर्धा फेर सोडला. फुस्सकन वाफेचा फवारा आला, मनगट भाजलं. दुसरा नट सोडताना डोळे मिटले. दांडीनं एक हिसका दिला, कुथली, आणि वर सरकली. नळात पाणी धावल्याचा घरघर आवाज आला. तो आवाज मी अजून ओळखतो, कुठंही.

आणि ग्लँडमधून थेंब गळायला लागले. एक नाही, माळच. टप टप टप. फरशीवर, माझ्या बुटांवर, आबांच्या जोड्यावर. चेअरमन साहेब समोर उभे, त्यांच्यामागं चाळीस माणसं, सगळे त्या थेंबांकडं बघत.

मी मात्र वर बघत होतो. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मला तर तेवढ्यात दोन हंगाम होऊन गेल्यासारखे वाटले. मग वरून आलं.

ठण.

एकच.

मी आबांच्याच पालथ्या डब्यावर बसलो. चीफ साहेब धावत आले, त्यांनी काट्याकडं बघितलं, नटांकडं बघितलं, माझ्या मनगटाकडं बघितलं. त्यांना सगळं एका नजरेत कळलं. ते हळूच म्हणाले, "जड वाटतीय म्हणालतास." मी म्हणालो, "हो साहेब. अडलीय म्हणायला पाहिजे होतं." त्यावर आम्ही दोघांनी पुन्हा कधी बोलणं काढलं नाही.

आबा मात्र थेंबांकडंच बघत होते. त्यांनी खाली वाकून एका थेंबाखाली बोट धरलं आणि चटका बसून मागं घेतलं. मग ते गेले, आणि कुठून तरी तेलाचा रिकामा, घासलेला डबा घेऊन आले. तो ग्लँडखाली सरकवला. टप टपचा आवाज बदलून टण टण झाला.

"भरला की परत टाकीत वता," ते फायरमनला म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "आन तू. न्हाव्याला बोलावू का सोता जातूस?"

कारखान्याच्या गेटाजवळच्या न्हाव्यानं त्याच दुपारी ती काढली. कागदात गुंडाळून चेअरमन साहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी कागद उघडला, बघितलं आणि म्हणाले, "मला वाटलं होतं जास्त भरंल."

सगळ्यात वाईट पुढं झालं. दोन दिवसांत पॅकिंग जागी बसलं. मी पाव आटा आवळला, दांडी हलवली, परत पाव. थेंब आपोआप थांबला, उस्ताद म्हणायचे तसा. तीन दिवस दम धरला असता तर मिशीही राहिली असती आणि दाजींची जेवणंही झाली असती. आबांनी डबा मात्र काढू दिला नाही. कोरडाठाक डबा सगळा हंगामभर ग्लँडखाली होता.

मिशी उतरवली त्या संध्याकाळी मी दाजींबरोबर त्यांच्या घरी गेलो. अक्कानं दार उघडलं आणि तोंडाला पदर लावला.

"आगं बाई! मिशी कुठं गेली?"

"पैज हरलो."

"कशाची?"

आयुष्यभर मी चिमणीचा मोर करून सांगितला. कावळ्याच्या रांजणात खडे मी भरले, विंचवाला बोलायला मी लावलं. त्या संध्याकाळी माझ्याजवळ खरी, पुरी, अंगावर काटा आणणारी गोष्ट होती, आणि ती ऐकायला सख्खी बहीण समोर होती.

"काय न्हाई गं," मी म्हणालो. "एक थेंब गळला."

अक्का हसली, आमची ताटं वाढली आणि भाकरी टाकायला चुलीकडं वळली. तिची पाठ फिरल्यावर मी दाजींकडं बघितलं आणि डोळ्यांनीच विचारलं, काचेत किती राहिलतं?

दाजींनी ताटावरून हात उचलला आणि करंगळीचं नख दाखवलं. मग चुलीकडं एकदा बघून घेतलं, आणि त्या नखाचाही अर्धा भाग अंगठ्यानं झाकला.